माइकवाल्या काकांची गॅरंटी

माइकवाल्या काकांनी मला फसवलं. एकदा नाही, सलग दोन वर्षं आठ महिने फसवलं, आणि तेही माझ्याकडे पाठ करून. पुढे मी त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहिणार आहे. त्या वाचून माझा राग गेला, असा कोणी समज करून घेऊ नये.

माझा धंदा भंगाराचा. खापरखेड्याच्या पुढे एका गिट्टी क्रशरवर घमेली उचलण्यापासून मी सुरुवात केली, मग सायकलला पोती बांधून गल्लोगल्ली फिरलो. आज कामठी रोडला माझं आवार आहे आणि मनीषनगरात दुमजली घर. या धंद्यात प्रत्येक जण दुसऱ्याला फसवायलाच बसलेला असतो. विकणारा पोत्याच्या तळाशी माती भरतो, घेणारा काट्याखाली बोट घालतो. मी तार नुसती वाकवून तांबं आहे की मुलामा दिलेलं लोखंड, ते सांगतो. आवाज चढवून बोलतो, भाव पाडून घेतो, आणि मला आजवर कोणी गंडवलेलं नाही. नव्हतं.

काकांचं दुकान बर्डीवर, भर बाजारात, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. खाट टाकली तर दार लागणार नाही, एवढंच. आत भिंतीला लावलेले डबे, म्हणजे स्पीकर. काका त्यांना डबेच म्हणायचे. त्या डब्यांकडे तोंड आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून काका स्टुलावर बसायचे. गिऱ्हाईक आलं तरी वळायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस माजलेला आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.

"माजलो नाई, शेठ," ते भिंतीला सांगावं तसे म्हणाले. "माणसाचं तोंड पाहिलं का आपला भाव बदलते. म्हणून पाहतच नाई."

"मी शेठ आहे हे पाठीनं समजलं काय?"

"उभ्या उभ्या किल्ल्या वाजवून राहिले तुम्ही. नोकरीवाला अशा किल्ल्या वाजवत नाई."

आवाजावरून माणूस ओळखायचा त्यांना नाद होता. एक कॉलेजची मुलगी हेडफोन घ्यायला आली, तर तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाले, "बाई, आधी सर्दी जाऊ दे. सर्दीत कान दडते, अशात हेडफोन घेशील तर महागडा घेशील." ती परत गेली. मी डोक्याला हात लावला. हातात आलेलं गिऱ्हाईक असं कोणी सोडतं काय?

तरुणपणी ते खरोखरच माइकवाले होते. लग्नं, जयंत्या, गणपती, सभा, सगळीकडे त्यांचे भोंगे झाडांना बांधलेले असायचे. पुढे ट्रकभर डब्यांच्या भिंती आल्या, खिडक्यांच्या काचा हलायला लागल्या आणि काकांनी ते काम सोडलं. "लोकं छातीनं ऐकायले लागले," ते म्हणायचे, "मंग कानवाल्याचं काय काम?" त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवायचे लहान डबे, हेडफोन आणि दुरुस्ती, एवढंच ठेवलं. नाव मात्र माइकवालेच राहिलं. मोबाइल त्यांनी कधी घेतला नाही. का, म्हणून विचारलं तर सांगायचे, "फोनातून माणूस येत नाई गा. माणसाचं सालटं येते."

मी त्यांच्याकडे गेलो तो एका टिंगमुळे. हल्ली भंगाराचे लिलाव कॉम्प्युटरवर होतात. तुमच्यावर कोणी बोली लावली की कॉम्प्युटर टिंग करतो, आणि घड्याळ संपायच्या आत तुम्ही पुढची बोली लावायची. जुन्या मोटारींचा एक चांगला लॉट माझ्या हातात आलेला होता. मी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो, टिंग ऐकूच आली नाही आणि लॉट दुसऱ्याने नेला. कॉम्प्युटरचा आवाजच मेलेला आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. माल खराब असला की मला दुरून कळतं.

दुकानात मी निळे दिवे लुकलुकणाऱ्या एका मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. खोक्यावर वॅटचा भला मोठा आकडा छापलेला होता.

"हा द्या. हा दमदार दिसतो."

"वॅट काय किलोवर घेता काय?" काका म्हणाले. "तो आकडा खोक्यावर राहते, डब्यात नाई राहत. अन् दिव्याचे पैसे काहून देता? अंधारात बसून ऐकता काय?"

मग त्यांनी पाठीमागे हात करून दोन साधे काळे डबे माझ्या पुढ्यात सरकवले. ना दिवा, ना चकाकी. मी सवयीने एक डबा उचलून हातात तोलला. तेव्हा पहिल्यांदा काकांची मान जराशी वळली.

"हे बरोबर केलं," ते म्हणाले. "आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं उचलून नाई पाहिलं. पण जरा संभाळून. कंपन्या आता आत लोखंडाची पट्टी टाकून वजन करतात. वजन चुंबकाचं पाहिजे."

पोत्याच्या तळाची माती मला इथेही भेटली. मी माझ्या किल्ल्या डब्याच्या तोंडाशी धरल्या. त्या खेचल्या गेल्या. काका हसले, आणि आमची दोस्ती तिथेच जमली.

गाणं ऐकवून डबा विकायचा नाही, असा त्यांचा नेम होता. "गाण्यात डबा लपून बसते. चांगलं गाणं खराब डब्यातूनही चांगलंच लागते." ते एक पेनड्राइव्ह लावायचे. त्यात कोणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय, एवढाच आवाज. तीन-चार मिनिटांचा. चांगल्या डब्यातून दाणा न् दाणा वेगळा ऐकू येतो, वाईटातून नुसती सळसळ. हे लावलं की ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीकडे पाहत बसायचे आणि गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावायचे : "पुरं ऐका. मंग बोला."

मी अर्ध्यातच बोललो. "कुठे दाणा आहे यात? भुसा ऐकू येऊन राहिला मले."

काकांनी पुन्हा लावलं. "आता?"

"भुसाच. अन् डावीकडे तर भुसाही नाई."

ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, माल पकडला गेला म्हणून गप्प आहेत. लगेच मी भाव पाडायला सुरुवात केली. माझं हुकमी हत्यार म्हणजे उठून चालू लागणं. चार पावलं गेलं की दुकानदार हाक मारतोच. मी उठलो, थेट रस्त्यापर्यंत गेलो. हाक नाही. माणसाची पाठ माझ्याकडे, त्याला मी गेलेला दिसणार कसा? मी मुकाट परत आलो.

"पंधरा पावलं गेले, पंधरा आले," काका म्हणाले. "चपला करकरतात तुमच्या. भाव तोच आहे."

एवढी नाचक्की झाल्यावर काहीतरी वरून घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांनी तार देऊ केली, डबे पुसायचं फडकं देऊ केलं. मी म्हणालो, "मले तो तांदूळ पाहिजे. घरी रोज तपासून पाहीन तुमचा माल."

काकांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, परत ठेवले. मग पेनड्राइव्ह काढून, न वळता, खांद्यावरून माझ्याकडे धरला.

"घ्या. पण पुरं ऐकत जा."

मी जिंकलो होतो. घरी येईपर्यंत मी गाडीत शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी डबे काखोटीला मारून मी परत हजर. "डावा डबा मेलेला आहे." काकांनी डब्यांची अदलाबदल केली. जो डावा होता तो उजवा झाला. मी ऐकलं. परत डावाच मेलेला. आता एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी म्हणालो, "मंग तुमची तार खराब आहे." त्यांनी तार बदलली. मी म्हणालो, "दुकानच वाकडं आहे तुमचं." या वेळी माल तपासायला ते हाताने किल्ल्यांचा जुडगा हलवत होते, वर्तमानपत्राचा कागद चुरगाळत होते. तांदूळ मी घेऊन गेलो, आता यांना हात चालवावे लागतात, असं वाटून मला जरा मजाच आली.

"शेठ," ते शेवटी म्हणाले, "मी घरी येऊन तुमचं टेबल पाहतो."

मनीषनगरला ते बसने आले. मी गाडी पाठवतो म्हटलं, तर गाडीत बसून कान बंद होतात म्हणाले. माझ्या टेबलाची अवस्था पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. डबे मी भिंतीला चिकटवून ठेवले होते, एक खाली कप्प्यात, एक वर फायलींच्या गठ्ठ्यावर. ते म्हणाले, महागाचे डबे घेऊन असे ठेवण्यापेक्षा स्वस्तातले घेऊन नीट ठेवा. त्यांनी दोन्ही डबे भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, खाली विटा ठेवून कानाच्या उंचीला आणले आणि तोंडं खुर्चीकडे तिरपी केली. दोन डब्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक डब्यापासून माझ्या डोक्यापर्यंत, हे त्यांनी सुतळीने मोजलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून डब्यांखाली घातले, म्हणजे टेबल गुरगुरणार नाही. टेबलाच्या काचेवर एक टॉवेल अंथरला. या सगळ्याला कवडीचा खर्च आला नाही. माझी बायको सुनंदा ते पाहून म्हणाली, "पाहा, असं राहते काम. आरडाओरडा न करता."

"मी कुठे ओरडतो?" मी ओरडलो.

मग मला खुर्चीत बसवून ते माझ्या मागे गेले. काय करत होते कोण जाणे. मी समोर पडद्याकडे पाहत होतो. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं, तर काका माझ्या डाव्या खांद्यामागे उभे होते आणि सुनंदा पदराआड तोंड घेऊन हसत होती, पण डोळे काही हसत नव्हते.

"काय झालं?"

"काही नाई," काका म्हणाले. "उजवा डबा दोन दिवस माझ्यापाशी राहू द्या."

"खराब डावा आहे!"

"मले माहीत आहे काय खराब आहे ते."

तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणून लावला आणि काय सांगू! दोन्हीकडून सारखा आवाज. टिंग अशी वाजली की मी दचकलो. मी सुनंदाला म्हणालो, "पाहिलं? गळ्याशी आलं तसा मुकाट दुरुस्त करून दिला. लोकांना असंच धरावं लागते." ती म्हणाली, मला तर डावीकडून कोणी ओरडल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, तुझी खुर्ची वाकडी आहे.

आता गॅरंटीची गोष्ट. ऐन भरात असल्यामुळे मी काकांना तिथेच धरलं. एक वर्ष चालणार नाही, तीन वर्षांची लिहून द्या. शिवाय बिघाड झाला तर मी दुकानात येणार नाही, दुकानदाराने स्वतः घरी येऊन ऐकून जायचं. काका हो हो म्हणत गेले आणि बिलाच्या पाठीमागे कलमं लिहीत गेले. तिसरं कलम त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं : घेणाऱ्याने दरवर्षी कानाच्या डॉक्टरकडून कान तपासून कागद दाखवावा, नाहीतर गॅरंटी रद्द.

"हे काय काढलं?"

"कंपनीचा नियम आहे. लोकं कान खराब करून घेतात अन् डब्याच्या नावानं बोंबलतात. पहिला कागद या महिन्यात पाहिजे."

मी अर्धा तास भांडलो. कागद एकदाच देतो म्हणालो, दोन वर्षांतून एकदा म्हणालो. पण त्या एका कलमाबाबत ते ऐकेनात. आता तीन वर्षांची गॅरंटी मी ओढून काढलेली, ती एका कागदापायी कोण घालवणार? मी गेलो डॉक्टरकडे. एका काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरने मला शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं की डावा कान बराच गेलेला आहे, क्रशरपासूनच गेला असावा, उजवाही त्या वाटेला लागला आहे, मशीनपाशी जपा, डाव्याला यंत्र लावा. मी विचारलं, यंत्र कोण विकतं? तो म्हणाला, आम्हीच. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आणि कागद उचलून बाहेर आलो. क्रशरवर असताना मुकादम कानात घालायला कापूस द्यायचा, आम्ही त्याने विड्या पेटवायचो. तेव्हा काही झालं नाही, आता काय होणार होतं?

काकांनी कागद जिन्यातल्या उजेडात धरून दोनदा वाचला. मग म्हणाले, "चवथं कलम सांगायचं राहिलं. आवारात ते कापायचं मशीन चालते ना तुमचं? तिथं कानावर जाड टोपणं लावायचे. नाई लावले तं गॅरंटी गेली."

"अन् कंपनीले दिसणार कसं?"

"पुढच्या कागदात दिसते."

मी टोपणं घ्यायला गेलो. एक नग महाग पडत होता, डझनावर भाव चांगला होता. मी डझन घेतले आणि घेतलेच आहेत म्हणून आवारातल्या सगळ्या माणसांच्या कानांवर चढवले. दुसऱ्या वर्षी कागद घेऊन गेलो, तेव्हा काकांनी तो वाचला आणि इतके खूश झाले की दुकान उघडं टाकून मला कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला घेऊन गेले. चेहरा समोरासमोर बसून निवांत पाहायला मिळाला तो त्या दिवशीच. गोल, हसरा, आणि पोहे खातानाही एक कान रस्त्याकडे.

"उजवा जसाच्या तसा आहे," ते म्हणत राहिले. "जसाच्या तसा आहे गा."

"हो, उजवा डबा चांगलाच आहे," मी म्हणालो. "डाव्यानं त्रास दिला होता."

त्यांना ठसका लागला. तर्री तिखट असेल, असं मला वाटलं.

तिसरा कागद घेऊन गेलो, तर दुकानाला कुलूप. शेजारी जिन्याच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. ते म्हणाले, काकांना गुडघ्यांमुळे घरचा जिना चढवेना, लेक येऊन रायपूरला घेऊन गेली, आता परत येत नाहीत. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तुम्ही भंगारवाले शेठ ना? कागद पाहू. उजवा कान तसाच आहे काय, एवढं कळवायले सांगून गेले. रायपूरले जाणारा कोणी भेटला का निरोप धाडतो." कंपनीचा कारभार भलताच चोख आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

मागच्या महिन्यात उजवा डबा खरखरायला लागला. मी बिल, कलमं आणि तिन्ही कागद टाचून कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या माणसाने सगळं वाचलं. मग त्याने आतल्या दोघांना बोलावून वाचून दाखवलं. तिघेही खुर्च्यांवर बसून हसले.

"साहेब, कंपनीची गॅरंटी एक वर्षाची. कानाचं कलम आम्ही जन्मात ऐकलं नाही."

मी आवाज चढवला. त्यांनी मला शांत करायला डबा उघडला आणि आतून खडूच्या तुकड्याएवढा एक पांढरा भाग दाखवला. "हा कोणी बसवला? हा तर आवाज दाबतो. उजवा डबा मुद्दाम हळू केलेला आहे." त्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. खरखर मात्र तशीच राहिली. उघडलेल्या डब्याला हात लावणार नाही म्हणाले.

घरी येऊन डबे लावले. डावा मेलेला. पहिल्या दिवसासारखा.

मी खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यभर मी समोरच्याचा माल तपासला. डबा बदलला, तार बदलली, दुकान वाकडं ठरवलं, बायकोची खुर्ची वाकडी ठरवली. दोन्ही डब्यांच्या मधोमध जे डोकं होतं, ते तेवढं तपासायचं राहिलं होतं.

"तुले माहीत होतं?" मी सुनंदाला विचारलं.

"डाव्या कानाचं? लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली ना. डावीकडून." मग ती म्हणाली, "काका टेबल लावायले आले तेव्हा तुमच्या मागून हळूच तीनदा बोलले. शेठ, तुमचा कान गेला, दवाखान्यात जाता काय? तुम्ही हललेही नाई. मले म्हणाले, याले सांगितलं तं हा भांडेल अन् जाणार नाई. हा फक्त गॅरंटीसाठीच जाईल."

मी डॉक्टरकडे गेलो. यंत्राचा भाव पाडला, तीन वेळा उठून चाललो, हा डॉक्टर समोर तोंड करून बसतो म्हणून त्याने हाक मारली. उजवा कान का वाचला, हेही त्याने सांगितलं : टोपणांमुळे. डाव्या कानात यंत्र घालून मी घरी आलो, टेबलाशी बसलो आणि माल तपासायचा म्हणून पेनड्राइव्ह लावला. तांदूळ. दाणा न् दाणा. सूप वर जाताना एक आवाज, खाली येताना दुसरा, आणि मध्ये बांगडी. मी पहिल्यांदा पुरं ऐकलं. शेवटी, पाखडण्याच्या मागून, अगदी हळू, एका बाईचा आवाज आला.

"अजून किती पाखडू जी? खडे तं कवाचेच गेले."

आणि काकांचा, तरणा, हसरा : "पाखड वं, पाखड. मस्त येऊन राहिलं."

मी सुनंदाला हाक मारली. ती म्हणाली, "मी तं स्वयंपाकघरातून कितीदा ऐकलं. मले वाटलं तुमाले येते ऐकू."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळवाल्यांना गाठलं. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणाले. तिचा आवाज तेवढाच होता. मूळ कॅसेट टेपच्या पोटात अडकून तुटली, पण त्याआधी काकांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं, म्हणून वाचलं.

"त्याची दुसरी प्रत केली असेल ना त्यांनी?"

"ते मले नाई ठाऊक," ते म्हणाले. "एवढं ठाऊक आहे का तुम्ही तो पेनड्राइव्ह वरून मागितला, अन् त्या दिवसापासून दुकानात किल्ल्या वाजायले लागल्या."

गिऱ्हाइकांकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून, दिवसातून दहा वेळा हा माणूस काय ऐकत बसायचा, ते मला तेव्हा कळलं. आणि मी ते फडक्याऐवजी उचलून आणलं होतं, शीळ घालत.

तर काका, हा लेख मी घड्याळवाल्यांकडे देतो आहे. रायपूरला जो कोणी नेईल त्याने तो तुमच्या पाठीमागे उभं राहून वाचावा. तुम्ही तसंच नीट ऐकता. पेनड्राइव्हच्या मी चार प्रती केल्या आहेत, पण पाठवणार एकही नाही. तुम्ही मला खोटी गॅरंटी दिली, खोटी कलमं लिहिली, चांगला डबा दाबून ठेवला आणि माझ्या बायकोला त्यात सामील केलं. हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. पण मी मागितला म्हणून तो तांदूळ तुम्ही देऊन टाकलात, हे काहून केलं? नाही म्हणायला काय झालं होतं? मी भांडलो असतो, एवढंच ना? मी तर रोजच भांडतो.

याचं उत्तर मला पाहिजे, आणि पत्राने किंवा दुसऱ्याच्या फोनवरून आलेलं चालणार नाही. गॅरंटीला अजून चार महिने आहेत. दुसरं कलम तुमच्या हातचं आहे : बिघाड झाल्यास दुकानदाराने स्वतः घरी येऊन ऐकून जावे. उजवा डबा खरखरतो आहे. तिन्ही कागद माझ्याकडे आहेत, कान तसाच आहे, टोपणं लावतो. माझ्याकडून एकही कलम मोडलेलं नाही. आता तुम्ही या.